लिपी येते, मग मराठी वाचताना मुले का अडखळतात?

इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळकडच्या मराठी घरांतून एक तक्रार वरचेवर ऐकू येते. मूल शाळेत हिंदी शिकते, त्यामुळे देवनागरी लिपी त्याला चांगली येते. घरात मराठी थोडीफार कानांवर पडते. तेव्हा मराठी वाचन आपोआप येईल असे आपण धरून चालतो. पण गोष्टीचे पुस्तक हातात दिले की चार ओळींतच मूल कंटाळते, आणि त्याला मराठीची आवडच नाही असे आपण ठरवून टाकतो. खरी अडचण पुष्कळदा आवडीत नसून ध्वनींत असते.

आधी कान, मग डोळे

लिपी ही बोलण्याची खूण आहे. खूण पाहून मूल मनात ध्वनी जुळवते आणि तो ध्वनी ओळखीच्या शब्दाशी जुळला की अर्थ लागतो. म्हणजे शब्दातले ध्वनी सुटे सुटे ओळखता येणे ही वाचनाची पूर्वतयारी आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी इंग्लंडमधल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांवर केलेला अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. कोणत्या शब्दाचा ध्वनी इतरांहून वेगळा आहे, हे लहानपणी ज्यांना चांगले ओळखता येत होते, ती मुले पुढे वाचनातही पुढे राहिली. काही मुलांना ध्वनींचा सराव मुद्दाम देण्यात आला. त्यांच्यापैकी ज्यांना ध्वनींबरोबर अक्षरेही हाताळायला मिळाली, त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली.

आपली वर्णमाला तर ध्वनींवरच रचलेली आहे. क-वर्ग कंठात, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग मूर्धेवर, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर उच्चारला जातो. तोंडापुढे तळहात धरून 'क' आणि 'ख' म्हणायला सांगा, 'ख'ची फुंकर मुलाला जाणवेल. गळ्यावर बोट ठेवून 'क' आणि 'ग' म्हटले की 'ग'चे कंपन कळेल. तक्ता पाठ करून घेण्याआधी एवढे जरूर करून पाहावे.

लिपी एक, उच्चार वेगळे

हिंदी आणि मराठीची लिपी एकच असली तरी ध्वनी सगळे सारखे नाहीत. प्रमाण हिंदीत 'ळ' नाही. त्यामुळे मूल 'वेळ'चा 'वेल' आणि 'काळ'चा 'काल' करते, आणि वाक्याचा अर्थच हरवतो. गुजराती, कन्नड आणि तेलुगूत 'ळ' असल्यामुळे बडोदे, बेळगाव किंवा हैदराबादच्या मुलांना ही अडचण कमी येते. 'ज्ञ' मराठीत 'द्न्य'सारखा, हिंदीत 'ग्य'सारखा, तर गुजरातीत 'ग्न'सारखा ऐकू येतो. 'ऋ' आपण 'रु'कडे झुकवतो, हिंदीभाषक 'रि'कडे.

सर्वांत फसवी अक्षरे म्हणजे च, ज आणि झ. मराठीत त्यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार', 'चिमणी', 'जेवण' यांत जीभ टाळूला लागते. 'चमचा', 'जाड', 'झाड' यांत ती दातांमागे जाते. लिहिताना मात्र खूण एकच. जग म्हणजे दुनिया आणि 'जगणे'मधले जग, दोन्ही लिहिले सारखेच जातात, उच्चार मात्र वेगळे. 'माझा' आणि 'माझी' यांतला 'झ'सुद्धा एक नाही. हा फरक पुस्तकात कुठेही छापलेला नसतो, तो कानांनीच शिकावा लागतो. ज्या मुलाने 'झाड' हा शब्द घरात शंभरदा ऐकलेला आहे, ते वाचताना स्वतःच उच्चार सुधारते. ज्याने तो ऐकलेलाच नाही, त्याला आपण चुकलो हेही कळत नाही.

'करवत' या शब्दाचेही तसेच. अक्षरे सुटी वाचली तर क-र-व-त, पण आपण म्हणतो 'कर्वत्'. कुठला 'अ' गाळायचा हे शब्द आधी माहीत असला की सहज जमते.

घरी काय करता येईल?

रोज दहा मिनिटे पुरेत.

* पाटी, पाणी, पाय, केस यांत वेगळा कोण, ते मुलाला ओळखायला सांगावे.
* 'गाडी'तला पहिला ध्वनी बदलत जावे: साडी, वाडी, माडी, नाडी.
* गाडीत किंवा जेवताना भेंड्या खेळाव्यात. गाणी येत नसतील तर नुसते शब्द चालतील.
* वेळ-वेल, काळ-काल, मन-मण अशा जोड्या म्हणून दाखवाव्यात आणि मग लिहून दाखवाव्यात.
* गोष्ट आधी मोठ्यांनी वाचावी आणि शब्दाखाली बोट फिरवावे. नंतर तेच पान मुलाने वाचावे.

मूल 'वेळ'ला 'वेल' म्हणाले तर लगेच टोकू नये. "आपण घरी कसं म्हणतो?" एवढेच विचारावे, उत्तर त्याच्या कानांत असते. घाईही करू नये. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवरचा सोनाली नाग यांचा २००७ सालचा अभ्यास सांगतो की अक्षरांच्या लिपीत सगळ्या खुणा अंगवळणी पडायला प्राथमिक शाळेतली बरीच वर्षे लागतात. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांचा पसारा मराठीतही तेवढाच आहे.

या कामात आजी-आजोबांसारखा दुसरा शिक्षक नाही. दोन्ही 'ज' आणि खणखणीत 'ळ' आज आपल्या कित्येक घरांत त्यांच्याच तोंडी उरले आहेत. नातवंडांशी ते सोयीसाठी हिंदीत बोलू लागले, तर मुलांच्या कानांवर हे ध्वनी पडणार तरी कुठून? म्हणून मराठीचे पुस्तक आणाल त्याच दिवशी आजीला एक विनंती करा: रोज रात्री एक गोष्ट, मराठीतून.