शुद्ध पाणी कशास म्हणावे? : माध्यमिक शाळेतील पर्यावरणशास्त्र आणि आपले विद्यार्थी

पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकविला जावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिले. २००३ साली न्यायालयाने या प्रश्नी पुन्हा आदेश दिले. महाराष्ट्रात २०२० नंतर नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात ‘जलसुरक्षा’ या विषयाचाही समावेश झाला. विषय आला, परंतु त्याचे अध्ययन झाले काय? गुणपत्रिकेतील श्रेणीपुरता उरलेला आणि तयार चित्रे चिकटवून वहीत उरकला जाणारा हा विषय विद्यार्थ्यांच्या मनात क्वचितच रुजतो. आपल्या समाजातील पालक पोटाला चिमटा घेऊन गणित-इंग्रजीच्या शिकवणीचे पैसे भरतात; पर्यावरणाची वही मात्र कोणी उघडून पाहत नाही. ही उपेक्षा आपणांस परवडणारी नाही, असे आमचे मत आहे. का परवडणारी नाही, हे एका साध्या प्रश्नावरून ध्यानी येईल. शुद्ध पाणी कशास म्हणावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या इतिहासात आहेत. २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्य ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि गाईच्या शेणाने ते शुद्ध होते, हे त्यांचे उत्तर होय. दुसरे उत्तर विज्ञानाचे आहे. ते पाणी कोणी भरले हे विचारीत नाही; पाण्यात काय आहे, एवढेच विचारते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू मुळीच आढळता कामा नये. हा जिवाणू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. म्हणजे ज्या शेणाने तळे ‘शुद्ध’ केले गेले, ते शेणच विज्ञानाच्या कसोटीवर दूषणाचे कारण ठरते. नववीतील आपल्या विद्यार्थ्यास हे स्वतः तपासता आले, तर शुद्ध-अशुद्धतेच्या सहस्र वर्षांच्या कल्पनेचा पाया किती पोकळ आहे हे त्यास कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.

आता शास्त्राकडे वळू. जीव आणि त्यांचा परिसर यांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासास जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली जे नाव दिले, त्यास आपण परिस्थितिकी म्हणतो. ‘परिसंस्था’ ही संकल्पना इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांनी १९३५ साली मांडली. तिचे दोन नियम विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावेत. ऊर्जा एकाच दिशेने वाहते: सूर्यापासून वनस्पतीकडे, तेथून तृणभक्षकाकडे, पुढे मांसभक्षकाकडे, आणि प्रत्येक पायरीवर ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे जातो. द्रव्य मात्र चक्राकार फिरते. आपण जे ‘टाकून दिले’ असे म्हणतो, ते कोठे ना कोठे शिल्लक असतेच.

गावाशेजारच्या एखाद्या तलावाचे उदाहरण घेऊ. वस्तीचे सांडपाणी त्यात सोडले जाते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद ही वनस्पतींची खते होत. त्यांवर शेवाळ व जलपर्णी माजते. जलपर्णीच्या जाड थराखाली प्रकाश पोहोचत नाही. खालील वनस्पती मरतात. मेलेले सारे कुजविण्यासाठी जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. तो २-३ मिलिग्रॅमच्या खाली उतरला की मासे तडफडू लागतात. पुढे पाण्यास दुर्गंधी येते, डास वाढतात, वस्तीत आजार येतो. दरवर्षी जलपर्णी काढली जाते आणि दरवर्षी ती पुन्हा उगवते, कारण काढले जाते ते कार्य. कारण, म्हणजे सांडपाणी, तसेच वाहत राहते.

धम्माच्या अभ्यासकास ही विचारपद्धती ओळखीची वाटेल. कारण असेल तर कार्य घडते, कारणाचा निरोध झाला की कार्याचाही निरोध होतो, ही प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण आहे. परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘आजचे सारे विज्ञान भगवान बुद्धांनी आधीच सांगितले होते’ असा दावा आपण करू नये. इतर लोक आपापल्या ग्रंथांविषयी असे दावे करतात, तेव्हा आपण त्यांस हसतो. तथागतांचा विषय दुःख आणि दुःखमुक्ती हा होता. प्राणवायूचे मापन हा नव्हता. त्यांच्याकडून घ्यावयाची ती दृष्टी: ऐकीव म्हणून, परंपरागत म्हणून काही न स्वीकारता कारण शोधणे. विनयातही ती दिसते. पावसाळ्यात चारिका करणारे भिक्खू हिरवे गवत व लहान जीव तुडवितात, अशी लोकांनी तक्रार केली आणि वर्षावासाचा नियम झाला. पाण्यात व हिरवळीवर मलमूत्रविसर्जन वा थुंकणे भिक्खूंस निषिद्ध आहे. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे. हे आचरणाचे नियम आहेत, दैवी आज्ञा नव्हेत.

पाठ्यपुस्तकांत बहुधा ‘मानवाने प्रदूषण केले’ असे वाक्य असते. कोणत्या मानवाने? आणि ते कोणाच्या वाट्यास आले? नाल्याकाठी व कचराभूमीलगत कोणाच्या वस्त्या आहेत? २०१३ चा कायदा हाताने मैला साफ करण्यास मनाई करतो. तरीही गटारात गुदमरून मरणारे कामगार बहुतांशी कोणत्या समाजाचे असतात? हे प्रश्न विषयाबाहेरचे नाहीत. द्रव्य कोठे जाते या प्रश्नाचेच ते उत्तर आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेल्या तंट्यात दाखविले आहे. युद्धापूर्वी चौकशी करा, हे सिद्धार्थाचे म्हणणे होते. बाबासाहेब स्वतः १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी झाली आणि १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. ज्यांस तळ्यावर पाय ठेवू दिला जात नव्हता, त्या समाजाच्या पुत्राने देशाच्या नद्यांचा विचार केला, तो शास्त्राच्या आधारे केला.

म्हणून विहारांनी या विषयाकडे लक्ष द्यावे. रविवारच्या धम्मवर्गातील मुलांनी वस्तीचा नकाशा काढावा: पाणी कोठून येते, किती वेळ येते, सांडपाणी कोठे जाते, कचरा कोण उचलतो. हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची चाचणी कोणत्याही शाळेस करता येते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवावी. पाणी काळे पडले तर ते दूषित असण्याचा संभव मोठा, असे समजून प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. मिळालेली नोंद तारखेसह वहीत लिहावी आणि तिची प्रत ग्रामपंचायतीस वा नगरपालिकेस अर्जासोबत द्यावी. संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात पर्यावरणाचे रक्षण व प्राणिमात्रांविषयी करुणा आणि विज्ञाननिष्ठ दृष्टी ही कर्तव्ये लागोपाठच्या दोन खंडांत सांगितली आहेत. त्यांतील एकाशिवाय दुसरे पाळता येत नाही.

महाडच्या तळ्यावर आपल्या पूर्वजांनी पाण्याचा हक्क मिळविण्यासाठी पाऊल टाकले. ते पाणी पिण्यास योग्य आहे काय, हे तपासण्याचे ज्ञान पुढील पिढीच्या हाती देणे, हे त्या पावलापुढचेच पाऊल होय.