ऑर्किडची फुलं गळाली? कुंडी टाकू नका, नवं रोप त्यातूनच मिळेल

वास्तुशांतीला भेट आलेलं ऑर्किड दोन-तीन महिने दिमाखात फुलतं. मग एकेक फूल गळतं, नुसता दांडा उरतो आणि 'मेलं वाटतं' म्हणून कुंडी कचऱ्यात जाते. खरं तर झाड जिवंत असतं. पानं टणक आणि मुळं रुपेरी-हिरवी असतील, तर ते फक्त विश्रांती घेतंय.

पुढे काय करायचं, हे ऑर्किड कोणतं आहे त्यावर ठरतं. इथेच बहुतेकांची गडबड होते.

दांडा कापायचा की ठेवायचा?

रुंद पानांचं आणि फुलपाखरासारख्या फुलांचं ते फॅलेनोप्सिस. त्याचा दांडा हिरवा असेल, तर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या थोडं वर कापा. त्या पेरातून पुन्हा फुलं येऊ शकतात. दांडा पिवळा पडला असेल किंवा झाड अशक्त दिसत असेल, तर बुडापासून कापा. कात्री आधी ज्योतीवर धरून घ्या, कारण विषाणू पात्यावरूनच पसरतात. काही आठवडे साधारण २५ अंशांखालचा गारवा मिळाला की फॅलेनोप्सिस नवा दांडा काढतं. रत्नागिरीत असा गारवा थंडीतल्या रात्रींपुरताच, त्यामुळे धीर धरावा लागतो.

उसासारख्या कांड्यांचं ते डेंड्रोबियम. दमट, उष्ण किनाऱ्यावर हेच जास्त रमतं. याची पानं झडलेली जुनी कांडी कुरूप दिसते, म्हणून लोक ती छाटून टाकतात. तसं करू नका. झाडाचं पाणी आणि अन्न तिच्यातच साठलेलं असतं.

नवं रोप कसं करायचं?

केळीला मुनवे फुटतात तशी ऑर्किडलाही कधीकधी दांड्यावर किंवा कांडीवर पिल्लं फुटतात. जगभरचे बागकाम करणारे त्यांना 'केकी' म्हणतात. हवाईच्या भाषेत याचा अर्थ बाळ. पिल्लाला दोन-तीन पानं आणि बोटाएवढी मुळं आली की ते वेगळं लावा. त्याआधी तोडलं तर बहुधा सुकतं.

डेंड्रोबियमचं झाड भागूनही रोपं होतात. बुडाशी नवा कोंब दिसू लागला की प्रत्येक भागात तीन-चार कांड्या ठेवून वेगळे करा. फॅलेनोप्सिस असं भागता येत नाही, कारण ते एकाच खोडावर वाढतं.

बियांचा नाद मात्र सोडा. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं आणि त्यात साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, त्यामुळे रुजायला त्याला विशिष्ट बुरशीची सोबत लागते. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नुडसन यांनी साखरयुक्त माध्यमात, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. पुढे ऑर्किडची रोपं प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये मोठ्या संख्येनं वाढू लागली.

माती नको, सोडण चालेल

ऑर्किड मातीत लावलं की मुळं गुदमरून कुजतात. त्यांना हवा खेळेल असा आधार हवा. कोळसा आणि नारळाचं सोडण यांचं मिश्रण उत्तम. रत्नागिरी शहरालगत, काजळी नदीच्या मुखाशी वसलेल्या भाट्येत सोडणाला काय तोटा! कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रही इथेच आहे. नारळाच्या सावलीत दालचिनी, जायफळ, मिरी घेण्याची 'लाखी बाग' इथलीच. नारळाखालची ही झिरपती सावली डेंड्रोबियमलाही मानवते. दालचिनीचाही उपयोग आहे: कापलेल्या जागी चिमूटभर पूड लावली की बुरशी आटोक्यात राहते. मुळांवर मात्र लावू नका, ती सुकतात.

सोडण थेट कुंडीत घालू नका. त्यात क्षार आणि टॅनिन असतात. तुकडे करून आठवडाभर पाण्यात भिजवा आणि पाणी रोज बदला. रोप लावल्यावर मुळं रुपेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. १९:१९:१९ खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भाग, दोन आठवड्यांतून एकदा पुरे. जून ते सप्टेंबर कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नका, पानांच्या बेचक्यात पाणी साचून शेंडा कुजतो.

रानातलं ऑर्किड आणलं तर?

कोकणात आंब्या-फणसावर पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारी 'सीतेची वेणी' हेही ऑर्किडच. आसामचं ते राज्यफूल. झाडावरून ओरबाडून आणलेली वेणी घरी क्वचितच जगते. जगभरातल्या रानटी ऑर्किडचा व्यापारही 'साइट्स' कराराच्या नियंत्रणाखाली आहे. वादळात फांदीच मोडून पडली असेल, तर वेणी मुळांसकट सोडवा आणि अंगणातल्या आंब्याच्या खोडाला सुंभानं बांधा. मुळं सालीला चिकटेपर्यंत सुंभ सोडू नका.