मूल पाय टेकवत नाही तेव्हा

मूल लंगडू लागले की पनवेलच्या सोसायटीत काय किंवा कर्नाळ्याच्या पाड्यावर काय, पहिला अंदाज एकच असतो: खेळताना पडले, पाय मुरगळला. मग तेल, शेक, तापाचे सिरप. बरेचदा ते खपूनही जाते, कारण सर्दी-खोकल्यानंतर खुब्याला येणारी तात्पुरती सूज आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. सांध्यात पू झालेले मूल सुरुवातीला हुबेहूब तसेच दिसते, आणि त्याला मात्र आठवडा परवडत नाही.

मांडीच्या हाडाची मान खुब्याच्या आवरणाच्या आत असते, त्यामुळे हाडातला पू फुटून थेट सांध्यात उतरतो. दाब वाढला की हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, कूर्चा झिजू लागते. पुढे पाय आखूड राहू शकतो, कायमचा.

मग ओळखायचे कसे? 1999 मध्ये बोस्टनच्या मिनिंदर कोचर यांच्या गटाने चार खुणा मांडल्या: 38.5 अंश सेल्सिअसच्या वर ताप, पायावर भार न देणे, रक्तातला दाह दाखवणारा ईएसआर 40 च्या वर, पांढऱ्या पेशी 12 हजारांहून जास्त. त्यांच्या रुग्णांत चारही खुणा असल्यास पुवाची शक्यता 99 टक्क्यांवर होती. इतरत्र आकडा बराच खाली आला. म्हणून पुढे सीआरपी या दाहाच्याच आणखी एका रक्तचाचणीची भर पडली. आकड्यांपेक्षा तपासणाऱ्याचा हात मला महत्त्वाचा वाटतो. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही फिरवून पाहिलाच पाहिजे, कारण खुब्याची कळ गुडघ्यात उतरते.

सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे बरेचदा निर्दोष येतो. त्यावर निर्धास्त होणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. सोनोग्राफीत पाणी दिसते, पण तो पू आहे का, हे सुईने काढल्यावरच कळते. शेजारच्या हाडातला किंवा स्नायूतला संसर्ग एमआरआय दाखवतो. आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढणारे लंगडणे असेल, तर आपल्याकडे क्षयाची तपासणी हवीच.

तान्ह्याला तर बरेचदा तापही नसतो. एक पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळते, एवढेच.

अशा वेळी चोळू नका, घरातले उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. त्याने खुणा झाकल्या जातात आणि जंतू सापडत नाही. ताप असून मूल पाय टेकवत नसेल, तर रात्र असली तरी त्याच रात्री हाडांचे आणि बालरोगाचे डॉक्टर असलेले रुग्णालय गाठा.