मणक्यावरचा डाग आणि त्याचा आकडा

हाडांच्या स्कॅनचा अहवाल ज्यांच्या घरात आला आहे, त्यांना त्यातली विशेषणं पाठ असतील. 'किंचित', 'मध्यम', 'तीव्र'. कादंबरी लिहिताना मलाही विशेषणं लागतात. पण जन्म बँकेत गेलेल्या माणसाला ती अहवालात खुपतात. मध्यम म्हणजे किती? कर्जखात्यावर 'थकबाकी मध्यम' असा शेरा मी मारला असता, तर इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबानं लेजर माझ्याच अंगावर भिरकावलं असतं.

आमच्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, प्रोस्टेटचा कर्करोग. हा रोग पसरला तर बहुधा हाडांकडे वळतो, त्यातही पाठीच्या कण्याकडे. पहिल्या स्कॅनमध्ये कमरेच्या दोन मणक्यांवर काळे डाग दिसले. उपचारांनंतर काही महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला. डाग त्याच जागी. वहिनींचा प्रश्न एकच, "भाऊजी, वाढलंय की कमी झालंय?" दोन्ही फिल्म खिडकीशी धरून घरातल्या प्रत्येकानं पाहिल्या आणि प्रत्येकाला वेगळंच दिसलं.

या स्कॅनमध्ये टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. १९३७ मध्ये सेग्रे आणि पेरिए यांनी इटलीत शोधलेलं हे मूलद्रव्य. ते फॉस्फेटच्या जातीच्या संयुगाला बांधून हाडांपर्यंत पोचवण्याची युक्ती १९७१ मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूजला गोपाल सुब्रमण्यम आणि मॅकॅफी यांनी मांडली. जिथे हाडाची नवी बांधणी जोरात चालते तिथे हे औषध जास्त साचतं. म्हणजे कॅमेऱ्याला कर्करोग दिसतच नाही. दिसते ती हाडाची डागडुजी! म्हणून म्हातारपणी झिजलेला सांधा, पडल्यामुळे दबलेला मणका, क्षयाची लागण, सगळेच काळे दिसू शकतात.

आता त्या काळेपणाला आकडा देता येतो. त्याला एसयूव्ही म्हणतात (रस्ता अडवणारी ती गाडी नव्हे). हिशेब सरळ आहे. औषध सगळ्या अंगात सारखं पसरलं असतं, तर प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला जेवढं आलं असतं, त्याच्या किती पट त्या मणक्यात आहे? वीस पट असेल तर आकडा वीस. निरोगी मणक्यातही तो एकाच्या बराच वर असतो, कारण हे औषध मुळात हाडाचंच गिऱ्हाईक. कॅमेरा अंगाभोवती फिरून मोजतो, आणि सोबतचा सीटी स्कॅन नेमकी जागा दाखवतो. शिवाय शरीरातून बाहेर येताना किती किरण वाटेत अडले, त्याची भरपाईही त्यावरूनच करतात.

खरी गंमत जमाखर्चात आहे. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. उलटं चक्रवाढ व्याजच म्हणा. तीन तासांनी मोजलं तर सुमारे ७१ टक्केच उरलेलं. म्हणून इंजेक्शनची वेळ मिनिटापर्यंत लिहावी लागते. सिरिंजमध्ये राहिलेलं वजा करावं लागतं. थोडं शिरेबाहेर सांडलं तर आकडा खोटा कमी येतो. रुग्णाचं वजन अंदाजानं लिहिलं तर सगळंच मुसळ केरात. आणि डाग अगदी बारीक असेल, तर यंत्रच त्याला कमी मोजतं.

एवढं करूनही आकडा निकाल देत नाही. कर्करोगाच्या डागांचे आकडे सरासरीनं झिजेपेक्षा चढे असतात, पण दोघांची हद्द एकमेकांत घुसलेली आहे. शिवाय उपचार लागू पडल्यावर हाड भरून येताना पहिले काही महिने आकडा उलट वाढू शकतो. घाबरलेल्या घराला हे कोणीतरी आधी सांगायला हवं. बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

अण्णांचे दोन्ही स्कॅन एकाच यंत्रावर झालेले, नोंदी शाबूत. डॉक्टरांनी दोन्ही वेळचे आकडे काढले. एका मणक्याचा जवळजवळ निम्म्यावर आला होता. दुसऱ्याचा होता तिथेच. पण सीटीत पाहिलं तर तो डाग मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यात, झिजेच्या जागी होता. मग रक्तातला पीएसए पाहिला, तोही उतरलेला. तेव्हा कुठे डॉक्टर म्हणाले, "हेच औषध चालू ठेवू."

पुढचा स्कॅन सहा महिन्यांनी आहे. वहिनींनी डायरीत इंजेक्शनची वेळ, स्कॅनची वेळ आणि वजन असे तीन रकाने आखले आहेत. वजन तिथल्याच काट्यावर करायचं, चपला काढून, असं त्यांनी अण्णांना बजावलंय.