अपघात विम्याचा दावा चुकीने नाकारला? पत्र फाडू नका, दाद मागा

आपल्या वस्त्यांमधली अनेक कुटुंबे आज रिक्षा, टेम्पो, टॅक्सी किंवा हप्त्याने घेतलेल्या चारचाकीवर पोट भरतात. १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला हजारो गाड्या गावोगावहून निघतात. अपघात कोणालाही सांगून येत नाही. विम्याचा हप्ता नियमित भरलेला असतो, तरीही एके दिवशी कंपनीचे इंग्रजी पत्र येते: दावा नामंजूर. बहुतेक माणसे ते पत्र घडी घालून ठेवून देतात आणि सावकाराकडे जातात. आमचे म्हणणे एवढेच आहे की कंपनीचा निर्णय म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. तो चुकू शकतो आणि चुकला तर बदलून घेता येतो.

आधी कारण नीट वाचा

दावा का नाकारला, हे कंपनीने लेखी कळवलेच पाहिजे. फोनवर किंवा गॅरेजवाल्यामार्फत 'होणार नाही' असे सांगितले, तर लेखी पत्र मागा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. विमाधारकाने मागितल्यास ती द्यावी लागते. पत्रात पॉलिसीच्या कोणत्या अटीवर बोट ठेवले आहे ते पाहा आणि ती अट पॉलिसीत खरोखर तशी आहे का, हे ताडून पाहा. तथागतांनी कालामांना सांगितले होते की कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. कंपनीच्या छापील पत्रालाही हीच कसोटी लावायला हरकत नाही.

वारंवार पुढे केली जाणारी तीन कारणे

पहिले कारण, 'ड्रायव्हरचे लायसन्स योग्य नव्हते.' हलक्या वाहनाचे (एलएमव्ही) लायसन्स असलेला चालक मालवाहू टेम्पो किंवा टॅक्सी चालवत होता, म्हणून दावा फेटाळला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हा प्रश्न मिटवला आहे. एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेले वाहतुकीचे वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, त्यासाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागत नाही. आरसीवर एकूण वजन लिहिलेले असते. त्याची प्रत तक्रारीला जोडा.

दुसरे कारण, 'कळवायला उशीर झाला.' जखमींना दवाखान्यात नेण्यात दोन-तीन दिवस गेले, तर हे कारण पुढे येते. विमा नियामक प्राधिकरणाने (इर्डा) २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे की खरा दावा केवळ उशिराच्या कारणावर फेटाळू नये. उशीर का झाला ते लिहा आणि दवाखान्याची कागदपत्रे, एफआयआर, पंचनामा जोडा.

तिसरे कारण, 'खासगी गाडी भाड्याने चालवली.' शेजाऱ्यांनी डिझेलचे पैसे वाटून घेऊन दीक्षाभूमीला जाणे आणि भाड्याचा धंदा करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दावा नाकारायला एखाद्या अटीचा आधार घ्यायचा, तर तिचा भंग झाला हे कंपनीने सिद्ध करायचे असते. गाडी खरोखर भाड्याने दिलेली असली, तरी सगळे संपत नाही. अमलेंदू साहू प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असा दावा पूर्णपणे फेटाळणे अमान्य केले आणि गाडीच्या नुकसानीपोटी अडीच लाख रुपये द्यायला लावले.

इथे एक सावधगिरी हवी. अपघातानंतर कंपनीचा तपासनीस घरी येतो आणि इंग्रजीत टाइप केलेल्या जबाबावर सही मागतो. न समजलेल्या कागदावर सही करू नका. जबाब मराठीत, आपल्या शब्दांत लिहून द्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

दावा दुसऱ्याचा, नाव आपले

कधी चूक उलट्या बाजूने होते. आपली गाडी त्या अपघातात नसतानाही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस येते. 'आपला काय संबंध' म्हणून ती बाजूला ठेवणे सर्वांत घातक, कारण हजर न राहिल्यास निकाल एकतर्फी लागू शकतो. नोटिशीची प्रत विमा कंपनीला लगेच द्या, तारखेला हजर राहा आणि लेखी म्हणणे मांडा. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती हे दाखवणारे फास्टॅगचे तपशील, गॅरेजची पावती, सीसीटीव्हीचे चित्रण लवकरात लवकर मिळवा. असे चित्रण फार दिवस जपून ठेवले जात नाही.

विकलेल्या गाडीबाबत तर जास्तच काळजी हवी. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालानुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच मालक मानला जातो. गाडी चार हातांत फिरली असली, तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून स्टॅम्प पेपरवर विसंबू नका. फॉर्म २९ व ३० भरून नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नका.

आपल्या पॉलिसीवर आपण न केलेला दावा नोंदला गेला असेल, तर त्याचाही फटका बसतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत (नो क्लेम बोनस) पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. चुकीच्या नोंदीमुळे ती जाते. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता अचानक वाढलेला दिसला तर कारण विचारा आणि नोंद दुरुस्त करण्याची लेखी मागणी करा.

दाद मागण्याच्या पायऱ्या

१. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोचपावती घ्या. हीच तक्रार इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवता येते.

२. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे येथे लोकपालाची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही. वैयक्तिक पॉलिसीवरील ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात. मुदत एक वर्षाची आहे. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही, तर पुढचा रस्ता मोकळा राहतो.

३. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. भरलेला हप्ता पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र आयोगाकडे प्रकरण चालू असताना तेच लोकपालाकडे नेता येत नाही.

अपघातात माणूस दगावला किंवा जखमी झाला असेल, तर समोरच्या गाडीच्या विम्यातून भरपाई मिळवण्यासाठी लोकपालाकडे नव्हे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. दुःखात हे महिने निघून जातात, म्हणून नातेवाईकांनी आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

वकिलाला पैसे नाहीत?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि सर्व महिला यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धर्मांतरित बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे, त्यामुळे हा हक्क आपलाही आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. शिक्षण आणि नोकरीतल्या सवलतींबद्दल आपण जागरूक असतो, पण हा हक्क मात्र फार थोडे लोक वापरतात.

शेवटी एक गोष्ट. चौथे शील आपल्याला खोटे बोलण्यापासून दूर राहायला सांगते. गाडी एकाने चालवली आणि नाव दुसऱ्याचे दिले, अपघाताची वेळ बदलली, गॅरेजचे बिल फुगवले, तर खरा दावाही बुडतो आणि गुन्हा वेगळा दाखल होऊ शकतो. खरे तेच लिहा, प्रत्येक कागदाची प्रत ठेवा आणि मुदती पाळा. विहारात रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटे काढून ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांना ही माहिती वाचून दाखवता आली, तर एखाद्या घरावरचे कर्ज टळेल.