सामायिक मार्गावरील खाजगी जाळे

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत आणि बार्शीपासून सांगोल्यापर्यंत विखुरलेल्या तालुका कचेऱ्यांची जिल्ह्याच्या ठिकाणाशी होणारी माहितीची देवाणघेवाण आता मोठ्या प्रमाणावर संगणकांच्या जाळ्यावरून चालते. सात-बाराच्या नोंदी, कोषागाराची देयके, सभांची दृक्‌श्राव्य प्रक्षेपणे अशी ही वाहतूक विविध स्वरूपाची असते. राज्याचे मुख्यालय, जिल्हा आणि तालुका यांना किमान २ मेगाबिट क्षमतेने जोडणाऱ्या राज्य व्यापक जाळ्यांची योजना केंद्र शासनाने मार्च २००५ मध्ये मंजूर केली. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंनी जोडण्याचा कार्यक्रम ऑक्टोबर २०११ मध्ये संमत झाला आणि २०१५ पासून तो ‘भारतनेट’ या नावाने ओळखला जाऊ लागला. अशा कामांसाठी होणाऱ्या करारनाम्यांत ‘व्हीपीएन’ हा शब्द वारंवार येतो. आभासी खाजगी जाळे असा त्याचा अर्थ. ‘खाजगी’ या शब्दाने मात्र अनेकांची दिशाभूल होते. म्हणून ही संकल्पना मुळापासून समजून घेणे इष्ट ठरेल.

स्वतंत्र तारांचा हिशेब

दूरच्या दोन कचेऱ्या जोडण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे त्यांच्यामध्ये एक स्वतंत्र तार भाड्याने घेणे. हा उपाय निर्धोक खरा, पण खर्चिक. अकरा तालुके आणि जिल्ह्याचे ठिकाण अशी बारा स्थळे धरली आणि प्रत्येक स्थळ दुसऱ्या प्रत्येकाशी थेट जोडायचे ठरविले, तर ६६ जोडण्या लागतात. हाच हिशेब राज्याच्या ३६ जिल्ह्यांना लावला, तर ६३० जोडण्या होतात. स्थळांची संख्या दुप्पट झाली की जोडण्या जवळजवळ चौपट होतात. मध्यंतरीच्या काळात प्रत्यक्ष तारेऐवजी सेवादात्याच्या जाळ्यातून आखून दिलेली काल्पनिक तार वापरण्याची पद्धत आली. त्यामुळे खर्च उतरला. परंतु जोड्यांची संख्या कायम राहिली, आणि कोणता मार्ग कोठे जातो याचा सगळा हिशेब ग्राहकालाच ठेवावा लागे.

त्यानंतर आलेल्या पद्धतीत प्रत्येक कचेरी फक्त आपल्या जवळच्या सेवादात्याच्या केंद्राशी जोडली जाते. बारा स्थळांना बारा जोडण्या पुरतात. पुढची वाट शोधण्याचे काम सेवादाता आपल्या मुख्य जाळ्यात, म्हणजे शहराशहरांना जोडणाऱ्या मोठ्या क्षमतेच्या प्रकाशतंतूंच्या कण्यावर, पार पाडतो. या पद्धतीची लेखी मांडणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि सुधारित मानक २००६ मध्ये आले.

पिशवीत पिशवी

या पद्धतीचे मर्म रेल्वे डाक सेवेच्या उदाहरणाने चांगले कळते. समजा, सोलापुरात टाकलेले एक पत्र करमाळा तालुक्यातील एका कचेरीस जावयाचे आहे. ते प्रथम त्या कचेरीच्या लहान पिशवीत पडते. ती पिशवी जेऊर स्थानकाच्या मोठ्या पिशवीत बांधली जाते. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी या वाटेवरच्या स्थानकांतील कर्मचारी मोठ्या पिशवीवरची चिठ्ठी तेवढी पाहतात. आत कोणाची पत्रे आहेत, हे त्यांना ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची आवश्यकताही नसते.

मुख्य जाळ्यातही अशाच दोन चिठ्ठ्या लावतात. त्यांना ‘लेबल’ म्हणतात. बाहेरचे लेबल माहितीचा तुकडा कोणत्या टोकाच्या केंद्राकडे न्यावयाचा ते सांगते; आतले लेबल त्या केंद्रात पोहोचल्यावर तो कोणत्या ग्राहकाच्या स्वाधीन करावयाचा हे सांगते. पोस्टाच्या पिशवीवरची चिठ्ठी अखेरपर्यंत तीच राहते. येथे बाहेरचे लेबल मात्र प्रत्येक टप्प्यावर काढून त्या जागी पुढच्या टप्प्याचे लावले जाते. उपमा तेवढ्यापुरती अपुरी पडते. एका लेबलाचा आकडा २० बिटांचा, म्हणजे दहा लाखांहून अधिक वेगवेगळ्या खुणा शक्य होतात.

मार्ग दाखविणाऱ्या यंत्रास राऊटर म्हणतात. या रचनेत ग्राहकांची ओळख केवळ टोकाच्या राऊटरांना असते. मधले राऊटर लेबल बदलून तुकडा पुढे ढकलतात. नवा ग्राहक आला तरी मधल्या यंत्रांना हात लावावा लागत नाही, आणि एकाच कण्यावर शेकडो संस्थांची जाळी चालू शकतात ती यामुळेच. बँकांच्या परस्पर व्यवहारांसाठी हैदराबाद येथील संस्थेने १९९९ मध्ये सुरू केलेले ‘इन्फिनेट’ हे जाळेही पुढे याच लेबल पद्धतीवर आणण्यात आले.

एकाच नावाची दोन गावे

संस्थांनी आपापल्या अंतर्गत संगणकांना द्यावयाचे काही पत्ते जगभर राखून ठेवलेले आहेत. त्यांपैकी दहाच्या मालिकेतच १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते आहेत. कोणीही ते वापरू शकतो. साहजिकच एखाद्या बँकेच्या शाखेतील आणि एखाद्या शासकीय कचेरीतील संगणकाचा पत्ता १०.१.१.५ असा एकच असू शकतो, आणि दोन्ही संस्था एकाच सेवादात्याच्या ग्राहक असू शकतात.

महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव नावाची किती गावे आहेत, हे टपाल खात्यास विचारावे! त्या घोटाळ्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची योजना पुढे आणली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. गावाचे नाव तेच राहिले, पण ४१३००१ सारखा आकडा जोडला की संदेह उरत नाही. सेवादाताही पत्त्याच्या आधी त्या त्या ग्राहकाच्या जाळ्याचा ६४ बिटांचा एक आकडा जोडतो. शिवाय टोकाच्या राऊटरमध्ये प्रत्येक ग्राहकाची मार्गांची वही वेगळी असते. बँकेच्या वहीत कचेरीचा मार्ग लिहिलेलाच नसतो. कोणत्या वहीतील मार्ग कोणत्या वहीत उतरवावयाचे, हे आणखी एका खुणेने ठरते. तिच्या योगाने तालुक्यांनी जिल्ह्याशी बोलावे, परस्परांशी नव्हे, अशीही व्यवस्था करता येते.

खाजगी म्हणजे कुलूपबंद नव्हे

येथेच सावध राहावयास हवे. या पद्धतीत माहिती वेगळी ठेवली जाते, सांकेतिक लिपीत बदलली जात नाही. पिशवी दुसऱ्याच्या हाती पडत नाही, पण तिला कुलूपही नसते. सेवादात्याच्या यंत्रापर्यंत ज्याचा हात पोहोचतो, त्यास आतला मजकूर वाचता येऊ शकतो. तसेच, वही उतरविण्याची खूण टंकताना एखादा आकडा चुकला, तर दोन ग्राहकांची जाळी एकमेकांत मिसळू शकतात. कोणतीही तार तुटत नाही, दिवा विझत नाही, त्यामुळे चूक बराच काळ ध्यानातही येत नाही. जमिनीच्या नोंदी किंवा कोषागाराचे व्यवहार अशा मार्गाने जाणार असतील, तर कचेरीतून बाहेर पडण्यापूर्वीच मजकूर सांकेतिक लिपीत बदलण्याची सोय वेगळी करावी लागते. ती सेवेच्या मूळ दरात आपोआप येते, असे गृहीत धरू नये.

दुसरी बाब शेवटच्या टप्प्याची. मुख्य कण्यावर एक मार्ग तुटला तर वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळविता येते. तहसील कचेरीपासून सेवादात्याच्या केंद्रापर्यंतचा तुकडा बहुधा एकच असतो, आणि रस्त्याच्या किंवा नळाच्या कामावरील खोदकाम यंत्र त्याचा घास घेते. दोन सेवादात्यांकडून दोन जोडण्या घेतल्या, तरी दोघांचे प्रकाशतंतू एकाच चरातून गेलेले असल्यास उपयोग शून्य. जोडणीचा आराखडा मागवून चर कोठून जातो ते नकाशावर पाहावे, आणि ग्रामपंचायतीने रस्ता खोदण्याची परवानगी देताना तोच नकाशा समोर ठेवावा.