मोटारीच्या मागल्या कमानीची जुळणी

भंडारा जिल्ह्यांतील शंकरपटांत धांवणाऱ्या हलक्या गाडीला कमान नसते. वाटेचा प्रत्येक धक्का आंसावरून थेट धुरकऱ्याच्या अंगांत शिरतो. मोटारींत हा धक्का मधल्यामध्यें पचविण्याचें काम पोलादी पाट्यांची कमान करते. तशा कमानीचें पोलाद याच जिल्ह्यांत, वरठी येथील सनफ्लॅगच्या कारखान्यांत तयार होतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

इंग्लंडांत १९६२ पासून १९८० पर्यंत निघालेल्या एम. जी. बी. या क्रीडामोटारीची मागील बाजू अशाच दोन कमानींवर तोललेली आहे. कमानीचें पुढील टोंक गाडीच्या बुडास बोल्टानें जखडलेलें असतें. मागील टोंक शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यावर असतें. भार पडला कीं वांकलेली कमान सपाट होऊं लागते व तिचीं टोंकें दूर जातात. झोपाळ्याच्या कडीप्रमाणें हलून हा दुवा तेवढी जागा देतो.

जुळणी करतांना पुढील चाकांस अटकाव लावून गाडी भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखालीं शिरणें हा जिवाशीं खेळ होय. आधीं पुढचें टोंक, नंतर शॅकल, असे बोल्ट हातानेंच बसवावे. पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट आंसाच्या बैठकीच्या छिद्रांत नीट बसला पाहिजे. नाहींतर आंस तिरका राहतो. मग रबरी गाद्या घालून यू-बोल्ट आवळावे.

येथवर चांगला कारागीर सहसा चुकत नाहीं. चूक होते ती शेवटीं. गाडी अधांतरीं असतांनाच टोंकांचे बोल्ट घट्ट केले जातात. पुढील टोंकाच्या बुशांत दोन पोलादी नळ्यांमध्यें रबर चिकटविलेलें असतें. बोल्ट आवळतांच आंतली नळी पक्की होते, आणि पुढें कमान जितकी फिरेल तितका पीळ रबरास बसतो. चाकें लोंबत असतांना नळी जखडली, तर गाडी जमिनीवर उतरतांच रबर पिळलें जातें व उभ्या गाडींतहि तसेंच राहतें. तें लवकर फाटतें, आणि दोष मात्र नव्या रबराच्या माथीं मारला जातो!

म्हणून सारा भार चाकांवर आल्यावर, गाडी दोनचार वेळां दाबून हलवून, मगच हे बोल्ट कायमचे आवळावे. ही मोटार इतकी बुटकी आहे कीं तेव्हां तिच्याखालीं हात घालणें कठीण. अशा वेळीं घोड्या बुडाखालून काढून मागील आंसाखालीं द्याव्या. कमानीवर भार तोच येतो.

थोडे दिवस गाडी चालविल्यावर यू-बोल्ट पुन्हां तपासावे. नव्या गाद्या दबल्यामुळें ते बहुधा सैल झालेले आढळतात.